सिंफनी पाहताना आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो?

पाश्चात्त्य अभिजात संगीतावरच्या या व्याख्यानांत आपण सिंफनीची रचना पाहिली, वाद्यवृंदात कोणतं वाद्य कुठे बसतं तेही पाहिलं. आज जरा घरगुती विषय घेऊ. सिंफनीच्या मैफलींची चित्रमुद्रणं घरी पाहण्यासाठी बाजारात आली, आधी कॅसेटवर, मग लेझरडिस्क, डीव्हीडी आणि ब्लू-रेवर. त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. नव्यानं ऐकू लागलेली मंडळी नेहमी विचारतात, ‘सुरुवात ऐकून करू की बघून करू?’ त्यावर जुनीजाणती मंडळी लगेच म्हणतात, ‘संगीत ही ऐकायची गोष्ट आहे, त्यात बघायचं काय? डोळे मिटून ऐका.’

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आमचं म्हणणं एवढंच की मैफलीचा व्हिडिओ म्हणजे चित्रं चिकटवलेली सीडी नव्हे. आपल्या वतीनं तिथे कोणीतरी पाहत असतं आणि आपण त्याच्या नजरेमागून ऐकत असतो. ती नजर चांगली असेल, तर सीडीवर कधीच न कळणाऱ्या गोष्टी कळतात. ती भरकटलेली असेल, तर समोर वाजत असलेलं संगीतही आपल्या कानांपर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे ही नजर कोणाची, ती कशावर टिपली गेली आणि आपल्या घरापर्यंत कशी आली, हे तीन प्रश्न आपण क्रमानं घेऊ.

सीडीवर न दिसणारी माणसं

आधी हे बघू, की पाहिल्यानं मिळतं काय.

बेथोव्हनची पाचवी सिंफनी घ्या. १८०८ मध्ये व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. तिची ती चार सुरांची सुरुवात जगाला पाठ आहे. पण सीडी ऐकताना एक गोष्ट कळत नाही. वाद्यवृंदात मागे तीन ट्रॉम्बोनवादक, एक पिकोलोवादक आणि एक काँट्राबसूनवादक बसलेले असतात, आणि पहिले तीन भाग ते एकही सूर वाजवत नाहीत. वीसेक मिनिटं नुसतं बसून राहायचं. तिसऱ्या भागाच्या शेवटी आवाज अगदी खाली जातो, तंतुवाद्यं एकेक सूर धरून ठेवतात, टिंपनी हलके ठोके देत राहते, आणि मग एकदम चौथा भाग उजाडतो. त्या क्षणी ही मंडळी पहिल्यांदा वाद्यं वाजवतात. सभागृहात बसलेल्या माणसाला ती सुरुवातीपासून दिसत असतात. ‘हे अजून का वाजवत नाहीत?’ हा प्रश्न त्याच्या मनात असतो, आणि उत्तर मिळतं तेव्हा त्याचा आनंद वेगळाच असतो. सीडी ऐकणाऱ्याला नुसता मोठा आवाज ऐकू येतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला काय मिळेल, हे कॅमेरा आधी त्या गप्प बसलेल्या माणसांकडे वळला होता की नाही, यावर ठरतं.

हायडनची ४५वी सिंफनी, ‘फेअरवेल’ नावानं ओळखली जाणारी, तर पाहिल्याशिवाय अर्धीच कळते. १७७२ सालची ही रचना. शेवटच्या भागात वादक आपापला वाटा संपवून एकेक करून उठून जातात आणि शेवटी दोन व्हायोलिन उरतात. सीडीवर आवाज हळूहळू विरळ होत जातो, बस. माणसं निघून चालली आहेत हे डोळ्यांनाच कळतं. २००९ च्या व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीत डॅनिएल बारेनबोइम यांनी हा शेवटचा भाग घेतला होता. तो अंक व्हिडिओवरच पाहावा.

आता संचालकाकडे, म्हणजे कंडक्टरकडे येऊ. सभागृहात पैसे मोजून बसलेल्या बहुतेकांना दिसते ती त्याची पाठ. चेहरा दिसतो तो वादकांना, आणि त्यांच्या मागे उभं समूहगान असेल तर त्या गायकांना.

याचा एक फार बोलका दाखला आपल्या मुंबईच्या माणसाचा आहे. झुबिन मेहता यांचा जन्म मुंबईत १९३६ सालचा. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी त्याच्या आदल्याच वर्षी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेले. तिथे हान्स स्वारोवस्की यांच्या वर्गात त्यांच्यासोबत क्लाउडिओ अबाडो होते. मोठमोठे संचालक तालमी कशा घेतात हे या दोघांना पाहायचं होतं, आणि तालमीला बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. मग दोघांनी काय केलं? व्हिएन्नाच्या झिंगफेराइन या समूहगान संस्थेत गायक म्हणून नाव घातलं. गाण्याच्या निमित्तानं वाद्यवृंदामागे उभं राहायचं आणि समोरच्या संचालकाचा चेहरा, डोळे, मनगट बघत राहायचं.

या दोन तरुणांना जी जागा मिळवण्यासाठी समूहगानात भरती व्हावं लागलं, ती जागा घरच्या व्हिडिओनं आपल्याला फुकटात दिली. वाद्यवृंदाच्या बाजूनं रोखलेला एक कॅमेरा आपल्याला गायकांच्या रांगेत नेऊन उभा करतो. काही डीव्हीडींवर तर सबंध वेळ फक्त संचालकाकडेच बघत राहण्याची सोय असते, कारण एकाच प्रसंगाचे नऊपर्यंत कोन साठवण्याची तरतूद डीव्हीडीच्या रचनेतच आहे. शिकणाऱ्याला याहून मोठा खजिना नाही.

पडद्यामागचा दुसरा संचालक

पण कॅमेरा कुठे बघणार, हे ठरवतं कोण?

आपण सगळ्यांनी शास्त्रीय गायनाच्या मैफलींची चित्रणं पाहिली आहेत. गायक तिहाई घेऊन झकास समेवर येतो, सभागृह ‘वाहवा’ म्हणतं, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर कोण? पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे. तबलजीनं दिलेलं उत्तर गेलं ते गेलंच. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण सिंफनीत हीच चूक शंभरपट महागात पडते. तिथे सत्तर-ऐंशी-शंभर वादक आहेत, आणि मुख्य सुरावट दर काही सेकंदांनी एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते. ओबोनं धून सुरू केली, क्लॅरिनेटनं पुढे नेली, हॉर्ननं संपवली. कॅमेरा ओबोवर पोचेपर्यंत ओबो थांबलेला असेल, तर आपण पाहतो तो वाद्य खाली ठेवणारा माणूस.

म्हणून चांगलं चित्रीकरण आधी कागदावर होतं. दूरचित्रवाणीचा दिग्दर्शक संगीताची छापील स्वरलिपी, म्हणजे स्कोअर, घेऊन बसतो. कोणत्या बारला कोणता कॅमेरा, जवळून की लांबून, स्थिर की सरकता, हे त्यात आधीच लिहिलं जातं. एका सिंफनीत अशा शेकडो नोंदी होतात. मैफलीच्या वेळी नियंत्रण कक्षात एक सहायक स्कोअर वाचत बार मोजत असतो, म्हणजे पुढच्या दृश्याची वेळ आली की कॅमेरामन तयार असतात. हे काम करणाऱ्याला संगीत वाचता येणं भागच आहे. व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलींचं अनेक वर्षं दिग्दर्शन करणारे ब्रायन लार्ज हे मुळात संगीताचे अभ्यासक. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या मैफली टिपणारे हम्फ्री बर्टन बीबीसीच्या संगीत आणि कला विभागाचे प्रमुख होते, आणि पुढे त्यांनी बर्नस्टाइनचं चरित्रही लिहिलं.

हा दिग्दर्शक खरं तर दुसरा संचालकच असतो. पहिला संचालक वादकांना सांगतो की आता कोणी पुढे यायचं. दुसरा आपल्या कानांना सांगतो की आता कोणाला ऐकायचं. चेलोवादकाचा हात मोठा दिसला की चेलो मोठा ऐकू येतो. आवाजाची पातळी तीच असते, आपलं लक्ष बदललेलं असतं.

मालरच्या सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात भल्या मोठ्या लाकडी हातोड्याचे घाव आहेत. हातोडा वर उचलला जातोय हे कॅमेऱ्यानं आधीच दाखवलं, तर आपण श्वास रोखून वाट बघतो. घाव पडल्यावर दाखवला तर आपण दचकतो. मालरनं लिहिलेला सूर तोच, पण अनुभव दोन. आणि निवड आपली नाही.

काराजान आणि बर्नस्टाइन: दोन नजरा

ही निवड किती टोकाची असू शकते, हे एकाच काळातल्या दोन माणसांकडे पाहिलं की कळतं.

हर्बर्ट फॉन काराजान १९५५ ते १९८९ बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख संचालक होते. संगीत पडद्यावर कसं दिसावं हा त्यांचा ध्यास होता. १९६५ मध्ये त्यांनी आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकासोबत काम सुरू केलं. ‘द वेजेस ऑफ फिअर’सारखा थरारपट काढणारा हा माणूस. त्यांच्या सहकार्यातून शूमानची चौथी, बेथोव्हनची पाचवी अशी चित्रणं झाली. पुढे लिओ किर्श यांच्या यूनिटेल कंपनीसाठी काराजाननी बेथोव्हनच्या सिंफनी चित्रित केल्या. १९६७ च्या सहाव्या सिंफनीचं दिग्दर्शन ह्यूगो नीबेलिंग यांचं होतं, प्रकाश आणि रचनेचे धाडसी प्रयोग त्यात आहेत.

या चित्रपटांपैकी अनेकांत एक युक्ती वापरली आहे. आधी संगीत ध्वनिमुद्रित करायचं, मग ते लावून त्यावर वादकांनी वाजवल्याचा अभिनय करायचा आणि तो चित्रित करायचा. आपल्या हिंदी-मराठी सिनेमातलं गाणं जसं होतं, तसंच. त्यामुळे प्रकाश हवा तसा, कॅमेरा हवा तिथे. एका रेषेत उभे व्हायोलिनचे गज, चकाकणारी पितळी वाद्यं, आणि मधोमध डोळे मिटलेले काराजान. वादकांचे चेहरे मात्र फारसे दिसत नाहीत.

काराजानना हे काम इतकं महत्त्वाचं वाटत होतं की १९८२ मध्ये त्यांनी टेलेमोंडियाल नावाची स्वतःची कंपनी मोनॅकोत काढली, आणि बेथोव्हनच्या नऊही सिंफनी पुन्हा चित्रित केल्या. चित्रांचं संकलनही त्यांच्या देखरेखीखाली झालं. म्हणजे संचालकही तेच आणि तो ‘दुसरा संचालक’ही तेच. ही सगळी मेहनत घरच्या व्हिडिओसाठी होती, आणि सोनीनं हा संग्रह ‘घरच्या व्हिडिओसाठी ठेवलेला वारसा’ अशा अर्थाच्या नावानं बाजारात आणला. १६ जुलै १९८९ रोजी काराजान वारले, तेव्हा सोनीचे नोरिओ ओगा त्यांच्या घरीच त्यांना भेटायला आलेले होते.

दुसरीकडे बर्नस्टाइन. १९७१ ते १९७६ या काळात त्यांनी मालरच्या सिंफनी बर्टन यांच्या दिग्दर्शनाखाली, त्याही यूनिटेलसाठीच, चित्रित केल्या. बहुतेक व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत आहेत. दुसरी सिंफनी मात्र १९७३ मध्ये इंग्लंडच्या इली कथीड्रलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत वाजली. इथे घाम दिसतो. बर्नस्टाइन उड्या मारतात, ओठांनी शब्द उच्चारतात, वादक एकमेकांकडे बघतात. ही माणसं आत्ता, या क्षणी काहीतरी करताहेत असं सतत वाटत राहतं.

यातलं बरोबर कोणतं? आम्हाला विचाराल तर दोन्ही पाहावीत, पण काय पाहतोय हे ओळखून. काराजानची चित्रणं म्हणजे एका माणसाच्या मनातली सिंफनी. तिथे वाद्यवृंद हे त्याचं वाद्य आहे. बर्टन-बर्नस्टाइनमध्ये वाद्यवृंद हा माणसांचा जमाव आहे. दोन्ही डिस्कच्या वेष्टनावर ‘कॉन्सर्ट’ एवढंच लिहिलेलं असतं. फरक आपणच ओळखायचा.

पट्टी चढते ती कशामुळे

आता दुसरा प्रश्न: हे सगळं टिपलं कशावर? तांत्रिक वाटेल, पण कानाशी त्याचा थेट संबंध आहे.

२० मार्च १९४८ रोजी आर्तुरो तोस्कानिनी न्यूयॉर्कमध्ये एनबीसीच्या दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा आले. वय ८० वर्षं. १९५२ पर्यंत त्यांच्या अशा १० मैफली दाखवल्या गेल्या. गंमत अशी की तेव्हा व्हिडिओ टेप नव्हतीच, ती आली १९५६ मध्ये. मग जपून कसं ठेवलं? दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून. त्याला किनेस्कोप म्हणतात. चित्र धूसर, राखाडी. पुढे हे कॅसेटवर आणि डीव्हीडीवर आलं, तेव्हा ते धूसरच असणार होतं. पण तोस्कानिनींच्या हाताची ती करारी, गोल फिरणारी हालचाल दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

यूनिटेलनं साठ-सत्तरच्या दशकांत बरंचसं काम सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर केलं. ते खर्चिक होतं. नंतर व्हिडिओ टेप आली, स्वस्त आणि सोयीची, आणि अनेकांनी तीच धरली. त्याचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसला. फिल्ममध्ये बारीक तपशील भरपूर असतो. ती पुन्हा स्कॅन केली की ब्लू-रेच्या १९२० बाय १०८० बिंदूंना पुरून उरते. त्या काळच्या साध्या व्हिडिओ टेपवर मुळात तेवढा तपशील टिपलाच गेलेला नाही. म्हणून असं होतं की १९७१ ची मैफल ब्लू-रेवर लख्ख दिसते आणि १९८५ ची मऊ, पुसट. साल नवं म्हणून चित्र चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही.

घरात येणाऱ्या माध्यमांचीही आपापली गोष्ट आहे. व्हीएचएस १९७६ मध्ये जपानात आली. सुरुवातीला तिचा आवाज टेपच्या कडेच्या एका अरुंद पट्टीवर असायचा, सिंफनीला तो पुरत नसे. १९७८ मध्ये लेझरडिस्क आली. ती जुन्या एलपीएवढीच, ३० सेंटीमीटरची. पुढे तिच्यावर सीडीच्या तोडीचा डिजिटल आवाज आला, म्हणून संगीताच्या शौकिनांनी ती उचलून धरली. पण एका बाजूला फार तर ६० मिनिटं. बेथोव्हनची नववी साधारण ६५ ते ७० मिनिटांची, म्हणजे मध्येच उठून डिस्क उलटायची! १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली आणि ही उठाठेव संपली. २००६ मध्ये ब्लू-रे आली.

आता पट्टीचा मुद्दा. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. युरोपात आणि आपल्याकडे दूरचित्रवाणीची पद्धत होती पाल, सेकंदाला २५ चौकटी. २४ चौकटींवर टिपलेली फिल्म पालमध्ये दाखवायची सोपी युक्ती म्हणजे ती सरळ २५ च्या वेगानं पळवायची. चार टक्के वेग वाढला. चित्रात कोणाला कळत नाही. पण ७० मिनिटांची सिंफनी ६७ मिनिटांत संपते, आणि आवाजही वेगाबरोबर वर चढतो. ४४० कंपनांचा सूर ४५८ वर जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर काळी एक पांढरी दोनच्या दिशेनं दोन तृतीयांश वाट चालून जाते. सगळा वाद्यवृंद मिळूनच चढतो, त्यामुळे बेसूर वाटत नाही, जरा जास्त चकचकीत आणि घाईत वाटतो. ‘या संचालकाची लय काय जलद आहे!’ असं आपण म्हणायचं, आणि करामत असायची यंत्राची. दूरचित्रवाणीसाठीच २५ चौकटींवर टिपलेल्या मैफलींना हा प्रश्न येत नाही, आणि आता पट्टी डिजिटल पद्धतीनं मूळ जागी आणता येते. पण जुनी डिस्क ऐकताना शंका आली, तर त्याच मैफलीच्या सीडीशी पडताळून बघा.

अमेरिका आणि जपानची पद्धत वेगळी होती, एनटीएससी. त्यामुळे अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर धड लागत नसे. डीव्हीडी आल्यावर जगाचे विभाग पाडले गेले. अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. अभिजात संगीताच्या बऱ्याच डीव्हीडींवर मात्र ० लिहिलेलं असे, म्हणजे कुठेही चालणारी. संगीतप्रेमी जगभर विखुरलेले असतात, हे त्या कंपन्यांना ठाऊक होतं.

जे केवळ व्हिडिओवरच उरलं

तिसरा प्रश्न, आमच्या मते सगळ्यात गंभीर. आपल्यापर्यंत काय पोचतं आणि काय नाही?

कार्लोस क्लायबर हे नाव लक्षात ठेवा. जन्म १९३०, मृत्यू २००४. स्टुडिओत त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या सिंफनी एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात: बेथोव्हनची पाचवी आणि सातवी, शूबर्टची तिसरी आणि आठवी, ब्राम्झची चौथी. संपलं. ब्राम्झची दुसरी स्टुडिओत कधी झालीच नाही. ती आपल्याला मिळाली १९९१ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत झालेल्या मैफलीच्या चित्रणातून, मोत्सार्टच्या ३६व्या सिंफनीबरोबर. त्या दिवशी तिथे कॅमेरे नसते, तर एका पिढीनं ज्याला सर्वश्रेष्ठांत गणलं त्या संचालकाची ही दुसरी सिंफनी आपल्यासाठी केवळ ऐकीव गोष्ट राहिली असती.

त्यांची १९८३ ची अ‍ॅमस्टरडॅमची मैफलही पाहा. कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंद, बेथोव्हनची चौथी आणि सातवी, दिग्दर्शक पुन्हा हम्फ्री बर्टन. क्लायबर पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवतात. त्यामुळे एका गटानं टाकलेली सुरावट दुसऱ्यानं झेलली, हे डोळ्यांना दिसतं. सातव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाचा अगदी शेवट बघा. बहुतेक संचालक तिथे व्हायोलिनना पुन्हा गज लावायला सांगतात. क्लायबरचे वादक मात्र शेवटपर्यंत बोटांनीच तारा छेडतात. सीडीवर हा फरक झटक्यात निसटून जातो. पडद्यावर तो हातात दिसतो.

मग अशा सगळ्याच मैफली बाहेर का येत नाहीत? कारण चित्रण असणं आणि ते विकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने करार बहुधा एक-दोनदा प्रक्षेपण करण्यापुरते असत. घरच्या व्हिडिओसाठी वाद्यवृंदाची, एकल कलाकारांची, प्रक्षेपण संस्थेची पुन्हा परवानगी लागते. रचना जुनी असेल तर तिच्यावर कोणाचा हक्क नाही, पण शोस्ताकोविच १९७५ मध्ये वारले. युरोपात निधनानंतर ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे त्यांच्या सिंफनींसाठी प्रकाशकालाही विचारायला हवं. त्यात टेप महाग असल्यामुळे जुन्या काळी प्रक्षेपण संस्था एका कार्यक्रमावर दुसरा टिपून टाकत. जे पुसलं गेलं ते गेलं.

आज बर्लिन फिलहार्मोनिकनं यावर आपला मार्ग काढला आहे. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचं इंटरनेटवरचं सभागृह सुरू केलं. सभागृहात दूरनियंत्रित कॅमेरे कायमचे बसवले आणि वर्षभराच्या मैफली वर्गणीदारांना दाखवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये स्वतःचा प्रकाशन विभागही काढला. शूमानच्या चार सिंफनींच्या त्यांच्या पहिल्याच संचात सीडींबरोबर व्हिडिओ असलेली ब्लू-रे होती. म्हणजे वारसा सांभाळण्याचं काम आता वादकांनी स्वतःच्या हाती घेतलं.

सोय झाली हे खरं. पण वर्गणी भरून पाहणं आणि डिस्क घरात असणं यात फरक आहे. वर्गणी संपली किंवा कराराची मुदत संपली, की मैफल आपल्या हातून गेली. डिस्कही अमर नसते म्हणा. जुन्या लेझरडिस्कमधला चिकट थर बिघडून आतलं अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि चित्रावर ठिपके पडू लागतात. तरी आमचा सल्ला असा: ज्या मैफलीशिवाय चालणार नाही असं वाटतं, ती मिळत असेल तेव्हा विकत घेऊन ठेवा.

पाहायचं कसं

मध्यंतरात एक चिठ्ठी आली आहे. ‘हे सगळं घरी दिसत असेल, तर एनसीपीएला जाऊन सिंफनी कशाला ऐकायची?’ चांगला प्रश्न आहे. २००६ पासून मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यामुळे आपल्याकडे तो आता खरोखरच विचारता येतो. उत्तर आजच्या विषयातच आहे. सभागृहात तुम्हाला कोणी सांगत नाही कुठे बघायचं. ट्रॉम्बोनवाल्याकडे बघत वीस मिनिटं बसायचं असेल तर बसा. तिथे दुसरा संचालक तुम्ही स्वतः असता. व्हिडिओ पाहून नजर तयार करा, आणि सभागृहात ती वापरा.

ज्यांना घरूनच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी एक सोपी रीत. एकच भाग निवडा, सातव्या सिंफनीचा तो दुसरा भाग उत्तम, साधारण आठ मिनिटांचा. टीव्हीचा आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर ठेवू नका, जमलं तर चांगल्या स्पीकरला किंवा हेडफोनला जोडा, कारण सिंफनीतले हळू भाग छोट्या स्पीकरवर चक्क नाहीसे होतात. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका. दुसऱ्यांदा पाहा. तिसऱ्यांदा पाहताना मनात ठेवा, की कॅमेरा आत्ता जिथे नाही तिथे कोण वाजवतंय? तो आवाज शोधा. हे जमू लागलं की दिग्दर्शकाची नजर तुम्हाला ओढून नेणार नाही, सोबत करेल.

आणि एक शेवटची मैफल. ज्यांनी तरुणपणी झुबिन मेहतांसोबत समूहगानात उभं राहून संचालकांचे चेहरे वाचले, ते क्लाउडिओ अबाडो. ऑगस्ट २०१०, लुत्सर्न, मालरची नववी सिंफनी. शेवटचा सूर विरतो आणि कोणी टाळी वाजवत नाही. जवळजवळ दोन मिनिटं. सीडी ऐकणाऱ्याला वाटेल, संपली, बंद करावी. पडद्यावर मात्र दिसतं की काहीच संपलेलं नाही. संचालक उभा आहे, वादकांनी वाद्यं खाली ठेवलेली नाहीत, सगळं सभागृह श्वास धरून बसलंय. ही शांतता त्या सिंफनीचाच भाग आहे आणि ती डोळ्यांनीच ऐकता येते. वेळ काढून पाहा, आणि रिमोटला मात्र हात लावू नका.